ओढण्याआधी पेलणं

ह्यूस्टनमध्ये बागकामाचा, रंगकामाचा किंवा एसी दुरुस्तीचा धंदा सुरू करणारा माणूस आधी जुनी पिकअप शोधतो. जाहिरातींत एकच आकडा ठळक असतो: गाडी किती ओढते. माझं म्हणणं असं की हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी पाहावं ते गाडी स्वतःच्या पाठीवर किती पेलते. नंदुरबारकडच्या माणसाला हे लवकर पटेल. आपल्याकडे बोलेरो पिकअप घेताना 1.3 टनी की 1.7 टनी, हाच पहिला प्रश्न. पथारीवर वाळवलेली मिरची असो की चांदशैली घाट चढून धडगावला जाणारं किराणा सामान, हिशेब पाठीवरच्या वजनाचाच. ओढण्याचं काम ट्रॅक्टरचं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या तोच नेतो. टेक्सासात दोन्ही कामं एकाच गाडीवर येतात आणि तिथेच खरेदीदार फसतो.

कारण ट्रेलर नुसता ओढला जात नाही, तो थोडा गाडीवर टेकतोही. नीट भरलेल्या ट्रेलरचं साधारण 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर, येतं. म्हणजे 10,000 पौंडांचा (सुमारे साडेचार टनांचा) ट्रेलर जोडला की 1,000 ते 1,500 पौंड आधीच खर्ची पडले. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल, ते त्यावर त्याच गाडीपुरतं छापलेलं असतं. अर्ध्या टनाच्या म्हणवल्या जाणाऱ्या गाडीवर तिथे 1,500 पौंड असतील, तर चार कामगार आणि हत्यारांच्या पेट्या बसल्यावर ट्रेलरसाठी फारसं काही उरत नाही, जाहिरात काहीही सांगो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग फोर्ड एफ-250 च्या वर्गातली मोठी डिझेल गाडी घ्या. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचं भरल्या गाडीचं कमाल वजन 10,000 पौंडांवरच थांबवलेलं असतं, कारण त्यापुढे व्यावसायिक वाहनांचे नियम लागू होऊ शकतात. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काहीशे पौंडांनी जड. ते ओझं मालाच्या वाट्यातूनच वजा होतं, म्हणून तेच मॉडेल पेट्रोलवर ओढतं कमी, पण पेलतं जास्त. रोज लांबवर जड ट्रेलर न्यायचा असेल, मोठे चढउतार असतील, तर डिझेलचं मोल मी नाकारत नाही. पण ह्यूस्टन सपाट आहे, तोरणमाळचा घाट इथे नाही. शिवाय छोट्या छोट्या फेऱ्यांत डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो आणि त्याची दुरुस्ती महाग पडते.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: गावाकडे दुप्पट भरतात, काय होतं? होतं ते आपण जाणतो. सातपुड्याच्या घाटांत उलटलेल्या पिकअपच्या बातम्या येतात आणि जीव जातात ते बहुधा मागे उभ्या असलेल्या मजुरांचे. इथे तीच चूक ताशी शंभर किलोमीटरच्या फ्रीवेवर, शेजारच्या गाडीतल्या मुलांच्या जिवावर बेतते.

तपासणीवर विसंबून राहण्याचीही सोय नाही. नंदुरबारच्या एमएच-39 पासिंगच्या मालवाहू गाडीला आरटीओचं फिटनेस लागतंच. टेक्सासाने मात्र 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली. धुराची चाचणी ह्यूस्टनमध्ये आहे, पण डिझेल तिच्यातून वगळलेलं. त्यात 2017 च्या हार्वे वादळात बुडालेल्या गाड्यांची आठवण ठेवून ट्रेलरच्या वायरिंगचे जोड गंजलेत का, ते पाहावं. आणि दाराचं स्टिकर कारखान्यातल्या गाडीचं असतं. आधीच्या मालकाने लोखंडी बंपर, टूलबॉक्स, जाड हिच बसवलं असेल तर तितकी क्षमता गेलेली. म्हणून भाव ठरवण्याआधी टाकी भरून गाडी ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर न्यावी, आणि काट्यावरचं वजन दारावर छापलेल्या भरल्या गाडीच्या कमाल वजनातून वजा करावं. विक्रेता काट्यावर यायला तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहावी.