जर-तरचं गाव

आमच्या घरात एक वाक्य वर्षानुवर्षं अर्धंच बोललं गेलं. "धरण झालं नसतं तर..." एवढं म्हणून आई थांबायची. पुढचं ती कधी बोलली नाही आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनीही तिला कधी विचारलं नाही.

आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या शिवारालगत भीमेच्या काठी होतं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि ते गाव जलाशयाच्या तळाशी गेलं. अप्पा तिथे आले होते धरणात जाणाऱ्या जमिनींच्या मोजणीला. आजोबांच्या ओसरीवर टेबल टाकून त्यांनी अख्खं शिवार कागदावर उतरवलं आणि दोन वर्षांनी त्याच ओसरीवर त्यांच्या लग्नाची बोलणी झाली. म्हणजे धरण झालं नसतं तर आईचं माहेर राहिलं असतं आणि मी जन्मालाच आले नसते. हा हिशेब मला अकराव्या-बाराव्या वर्षी कळला. त्यानंतर आईचं ते अर्धं वाक्य कानावर आलं की पोटात खड्डा पडायचा.

काळप्रवासाच्या आणि पर्यायी इतिहासाच्या गोष्टींनी मला धरलं ते यामुळेच, असं आता वाटतं. लहानपणी वाचनालयातून आणलेली भा. रा. भागवतांची 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही पुस्तकं मी इतर मुलांसारखीच वाचली. त्यांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या हाती दिलं हे त्यांचे मोठे उपकार. पण ती दूरच्या प्रवासाची गंमत होती. घरातल्या त्या वाक्याला जाऊन भिडलेली पहिली गोष्ट जयंत नारळीकरांची, 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अशा जगात जाऊन पडतात, जिथे १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मराठे जिंकले होते. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेली. मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आहे, बाकीचा देश मात्र गुलामीत गेलेलाच नाही. पंत ग्रंथालयात बसतात, इतिहासाचे खंड चाळतात आणि दोन जगांच्या वाटा नेमक्या कुठे फुटल्या ते शोधतात. नारळीकरांनी यामागचं शास्त्रही मांडलं आहे: इलेक्ट्रॉन अमुक क्षणी अमुक ठिकाणीच असेल असं सांगता येत नाही, त्याच्या अनेक शक्यता असतात, तशा जगाच्याही का नसाव्यात? या गोष्टीबद्दल बोलणारे सगळे त्या गोळीबद्दल आणि त्या शास्त्राबद्दल बोलतात. माझं मन अडकलं ते त्याआधीच्या एका छोट्या प्रसंगात. मुंबईत उतरल्यावर पंत आपला मुलगा जिथे नोकरी करतो त्या कचेरीत जातात आणि त्याची चौकशी करतात. त्या नावाचा माणूस तिथे नाही. मग त्यांच्या मनात येतं की या जगात आपला मुलगा कदाचित जन्मलेलाच नसेल.

पंत तिथून बाहेर पडतात आणि ग्रंथालयाकडे वळतात. मला मात्र ते पान उलटता येईना. एवढं मोठं पानिपत जिंकलं, इंग्रजांचं राज्य टळलं, देश ताठ मानेने उभा राहिला आणि त्या सगळ्या वैभवात एका बापाला त्याचं पोर सापडत नाही. नारळीकरांनी हा प्रसंग रडवेपणा न करता लिहिला आणि पुढे गेले. मराठीत पानिपताच्या 'जर'वर आजवर जे काही बोललं गेलं, त्यात मला हा प्रसंग सर्वांत खरा वाटतो.

कारण पानिपताचं 'जर' आपल्याकडे फार जुनं आहे. ते पुस्तकात येण्याआधी माणसं ते जगली. पानिपतावरचे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ रणात पडले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत मानलं नाही. १७८३ साली त्या गेल्या, त्याही सवाष्णीच्या मानाने. आणि दरम्यान भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला. १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतले, फौज जमवली. अखेर त्याला धरून पुण्यात देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं म्हणून ही हकिगत घरोघरी पोचली. शाळेत ती आम्हाला फसवणुकीची गोष्ट म्हणून शिकवली होती. पण एका माणसाच्या फसवणुकीने किल्ल्यांची दारं उघडत नाहीत. पंधरा वर्षं ज्यांच्या घरातला माणूस परत आला नव्हता, अशी हजारो घरं होती. भाऊ परत येऊ शकतात तर आपलाही येईल, हा विचार त्या फौजेत चालत असणार असं मला वाटतं. जे घडलं त्याला नकार देऊन दुसऱ्या इतिहासात राहायला गेलेली ती माणसं होती.

दुःखातून आलेल्या 'जर'ला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण कथाकाराचं 'जर' वेगळं असावं लागतं. त्याने दुसरं जग उभं केलं की त्यात कोण आलं आणि कोण नाहीसं झालं याचा हिशेब द्यावा. माझी या प्रकारच्या पुस्तकांची पारख हीच आहे.

या कसोटीवर अमेरिकन लेखक वॉर्ड मूर यांची १९५३ची कादंबरी 'ब्रिंग द ज्युबिली' फार वर जाते. तिच्यातल्या जगात अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेने गेटिसबर्गची लढाई जिंकलेली आहे. नायक इतिहासाचा अभ्यासक. नुसतं बघायला म्हणून तो काळ ओलांडून त्या रणभूमीवर जातो. त्याच्या तिथे नुसतं असण्याने एक सैनिकी अधिकारी मरतो, लढाई फिरते, उत्तर जिंकते आणि आपण शाळेत शिकलो तो इतिहास तयार होतो. मेलेला अधिकारी हा ते यंत्र बनवणाऱ्या बाईचा पूर्वज. म्हणजे ती बाई नाही, यंत्र नाही, परतीची वाट नाही, आणि घरी सोडून आलेली बायकोही आता कधी जन्मणार नाही. गुलामगिरी संपवणारा खरा इतिहास त्या माणसाच्या सर्वस्वावर उभा राहतो. हे वाचताना दोन्ही बाजूंनी जीव ओढला जातो. दक्षिणेने जिंकावं असं कुठल्याही माणसाला वाटणार नाही, तरीही त्या एका घरासाठी जीव तुटतो.

हॅरी टर्टलडव यांची 'द लास्ट आर्टिकल' ही कथा आपल्याला जवळची म्हणून सांगते. इंग्रजांच्या जागी भारतात नाझी जर्मनीचं सैन्य आलेलं आहे आणि गांधीजी त्यांच्यापुढे सत्याग्रह करतात. तो फळत नाही. कथा कडवट आहे आणि वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. पण समोरच्याला थोडी तरी लाज असावी लागते हा तिचा मुद्दा खोडता येत नाही. फिलिप के. डिक यांच्या 'द मॅन इन द हाय कॅसल'चं नाव या क्षेत्रात सगळ्यात आधी घेतात. १९६२चं पुस्तक, दुसरं महायुद्ध हरलेल्या अमेरिकेचं. मी ते आदराने वाचलं, जवळ मात्र आलं नाही.

जवळ आलं ते ऑक्टेव्हिया बटलर यांचं 'किंड्रेड'. १९७९ साली आलेल्या या कादंबरीची नायिका डेना ही १९७६ सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी कृष्णवर्णीय लेखिका. आपल्या घरातून ती अचानक खेचली जाते आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मेरिलँडमध्ये, गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. यंत्र नाही, मंत्र नाही, कारणही कुठे दिलेलं नाही. तिला खेचून नेतो तो मळ्याच्या मालकाचा गोरा मुलगा. त्याचा जीव धोक्यात आला की ती तिकडे. आणि तो तिचा पूर्वज आहे. तो मोठा होऊन एका कृष्णवर्णीय मुलीला आपल्या ताब्यात ठेवणार, तिच्यापासून त्याला मुलगी होणार आणि त्या मुलीपासून डेनाचं घराणं चालणार. डेनाला स्वतःच्या जन्मासाठी या माणसाला जगवावं लागतं. तो काय करणार आहे हे पुरतं माहीत असताना. शेवटी ती सुटून येते, पण त्याने धरून ठेवलेला तिचा डावा हात तिच्या घराच्या भिंतीत अडकून तिथेच तुटतो.

माझं दुःख त्या दुःखापुढे काहीच नाही आणि मला ती तुलना करायचीही नाही. पण दुसऱ्याच्या नुकसानीतून आपला जन्म झाला, हे ज्याला लहानपणी कळलं आहे, त्याला हे पुस्तक वाचताना आधाराला काहीतरी धरावं लागतं. मी अप्पांच्या जुन्या टेबलाची कड धरली होती.

या कथांमध्ये प्रवासी बरोबर काय आणतो याकडे माझं लक्ष असतं. एच. जी. वेल्सच्या १८९५च्या 'द टाइम मशीन'मधला प्रवासी आठ लाख दोन हजार सातशे एक या सालातून परततो तेव्हा त्याच्या खिशात दोन पांढरी फुलं असतात, तिथल्या एका मुलीने ठेवलेली. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं फाटलेलं पान निघतं. डेना आपला हातच मागे ठेवून येते. आपल्या पुराणातला ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गायन चाललं होतं म्हणून थोडा वेळ थांबला, तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटून गेली. मनात योजलेले सगळे वर, त्यांची मुलं, नातवंडं, कुणाचं नावही उरलं नव्हतं. त्याने बरोबर आणली ती फक्त मुलगी, आणि ती पुढे बलरामाला दिली. ही कथा मी आईकडूनच ऐकली. परत आल्यावर गाव ओळखू येईना, हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

अद्भुताचं वेड मला उशिरा लागलं. आपल्या काव्यशास्त्राने अद्भुत हा रस मानला आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला. पण मोठ्या माणसांच्या वाचनात त्याला मान नाही. पऱ्या, जादू म्हणजे पोरांचं, असं मीही धरून चालले होते. अर्सुला ले ग्विन यांचं १९६८चं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' हाती आलं आणि मत बदललं. त्यातल्या बेटांवर प्रत्येक वस्तूला एक खरं नाव असतं. ते ज्याला ठाऊक, त्याचं त्या वस्तूवर चालतं. जादूगार व्हायला निघालेला गेड हा तांबूस सावळ्या कातडीचा गरीब पोरगा वर्षानुवर्षं बसून नावं पाठ करतो. एवढीच विद्या.

ते वाचून मी अप्पांच्या कागदांची पेटी उघडली. सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, आकार. सुंदर, वळणदार अक्षर. मग आईला विचारलं, या नंबराच्या जमिनीला तुम्ही काय म्हणायचा? तिने न अडखळता सांगितलं: वडाचं वावर. पुढचं? खळ्याची पट्टी. मग मळई, थोरला मळा, बाभळीची ताल. अप्पा खाटेवर पडून ऐकत होते. ज्या जमिनी त्यांनी स्वतः साखळी ओढून मोजल्या, त्यांची नावं ते पहिल्यांदा ऐकत होते. म्हणाले, "लिहून घे." मी प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलीने नाव लिहिलं. ती यादी माझ्याकडे आहे. अद्भुत साहित्य हे पळून जाणाऱ्यांचं वाचन आहे असं मला कुणी सांगितलं, तर मी त्याच्यापुढे ही यादी ठेवीन.

उजनी पुरती भरली की ११७ टीएमसीच्या आसपास पाणी धरते. त्यावर सोलापूरचा ऊस उभा आहे, शहरांची तहान भागते, भिगवणला रोहित पक्षी उतरतात. हेही सगळं धरण झालं म्हणूनच. २०१६च्या दुष्काळात उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरण्याजोग्या पातळीच्याही खाली गेली आणि पाण्याखालचं पळसनाथाचं देऊळ आणि जुन्या गावांचे अवशेष उघडे पडले. अप्पा तोवर गेले होते. मे महिन्यात आई म्हणाली, मला ने.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. मला सगळीकडे सारखंच दिसत होतं, करडं आणि सपाट. आई मात्र एकदाही न चुकता वळत होती. एका जागी दगडांची एक ओळ गाळातून वर आली होती, वीतभर उंच. ती तिथे थांबली, चपला काढल्या, चार पावलं पुढे जाऊन वळली आणि आत गेली. मी ती ओळ ओलांडून सरळ तिच्याकडे निघाले.

"अगं, तिकडनं कुठं? भिंत हाय तिथं," ती म्हणाली. "दारातनं ये."

मी मागे फिरले, वळसा घातला आणि दारातून आत गेले.