अदिस अबाबामार्गे

जिचे नावही आमच्या घरी कोणी घेतले नव्हते, त्या इथिओपियन विमान कंपनीच्या स्वस्त वर्गातील अरुंद आसनावर गुडघे आखडून साओ पाउलोकडे निघालो, तेव्हा मनात असलेली साशंकता हळूहळू आदरात परिणत झाली. इटलीच्या अमलातून मुक्त झाल्यावर अवघ्या काही वर्षांत, १९४५ साली, त्या राष्ट्राने ही कंपनी स्थापिली, पुढल्याच वर्षी कैरोपर्यंत विमान नेले आणि राज्यक्रांती व दुष्काळ यांतूनही तो कारभार अखंड चालविला, हे मला विलक्षण वाटते. अदिस अबाबाचा विमानतळ सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे विमानातल्यासारखीच विरळ हवा उतरल्यावरही भेटते. अटलांटिकपारच्या दीर्घ प्रवासापूर्वी तिथली कडक कॉफी घेऊन मी दालनभर चालत राहिलो, कारण आखडलेल्या पायांना त्याहून उत्तम औषध नाही.