बाबूजींचा ओळंबा

बाबूजी कुडव्याचे गवंडी. गोंदियातल्या राइस मिलच्या भिंती बांधण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. कामावर जाताना थैलीत थापी, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा असायचा. सुट्टीच्या दिवशी बाकीची हत्यारं घरी राहायची, ओळंबा मात्र खिशात. जुनी इमारत दिसली की तो बाहेर निघायचा.

1986 च्या महाशिवरात्रीला त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून नागऱ्याला नेलं. गोंदियाजवळचं हे शिवमंदिर आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी आम्ही दर्शन घेऊन परतलो नाही. जत्रेची गर्दी ओसरेपर्यंत बाबूजी थांबले. मग त्यांनी एका दगडी खांबाशी ओळंबा सोडला आणि माझं बोट धरून दोन शिळांच्या सांध्यावर ठेवलं.

"चुना लागते का हाताले?"

"नाही, बाबूजी."

"दगडच दगडाले धरून आहे."

शाळेत गुरुजींनी हेमाडपंताचं नाव सांगितलं होतं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री, त्याच्यावरून या बांधणीला हेमाडपंती म्हणतात. विदर्भात चुन्याविना उभं असलेलं कुठलंही दगडी देऊळ आपण त्याच्या नावावर टाकतो. पण ही रीत त्याच्याहून जुनी. शिळा इतक्या काटेकोर घडवायच्या की वरचं वजनच सांधा दाबून धरतं. छत करताना खांबांवर तुळया, तुळयांच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा, त्यांच्यावर पुन्हा तिरप्या, असं करत चौकोन लहान होत जातो आणि शेवटी एका शिळेनं मिटतो. घरी आल्यावर बाबूजींनी हे आगपेट्यांनी रचून दाखवलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच वर्षी धान कापणी आटोपल्यावर आम्ही मार्कंड्याला निघालो. तेव्हा गोंदियाहून नागभीडकडे छोटी लाईन होती. गाडी जंगलातून रमतगमत चालायची. मूलला उतरून पुढे एसटी धरली.

मार्कंडा गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. नदी तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून लोक ते स्थान पवित्र मानतात. 1870 च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅमनं इथे येऊन या देवळांची नोंद केली. कोणी याला विदर्भाचं खजुराहो म्हणतं. मला ते पटत नाही. मार्कंड्याला दुसऱ्याचं नाव कशाला हवं? वालुकाश्मात कोरलेल्या मूर्तींच्या ओळींवर ओळी आहेत. सकाळचं ऊन तिरपं पडलं की त्या एकेक करून पुढे येतात.

बाबूजी मात्र मंडपात अडकले. मुख्य देवळाच्या शिखरावर कधीकाळी वीज पडली, मंडपाचं नुकसान झालं आणि पुढे एका गोंड राजानं डागडुजी केली, असं तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितलं. जाड, साधे टेकू पाहून सोबतचे यात्रेकरू नाक मुरडत होते. बाबूजींनी त्या टेकूवर हात ठेवला. "यानं नक्षीची नक्कल नाही केली. छत वाचवलं."

हे वाक्य त्यांना पुढे महागात पडलं. जवळच्याच एका गावात (नाव लिहीत नाही) जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. भिंतींना सिमेंटचा गिलावा, खांबांना ऑइलपेंट, खाली चकचकीत टाइल्स. बाबूजींनी समजावून पाहिलं, की दगड पावसाचं पाणी पितो आणि उन्हात सोडतो. रंगानं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कोणी ऐकलं नाही. त्यांनी काम सोडलं. ऐन उन्हाळ्यातली दीड महिन्याची मजुरी गेली, घरात आईची चिडचिड झाली. काही पावसाळ्यांनी मी ते देऊळ पाहिलं. खांबाच्या पायथ्याशी निळ्या रंगासकट दगडाच्या खपल्या पडल्या होत्या. बाबूजींना मी हे कधी सांगितलं नाही.

ते गेल्यावर ओळंबा माझ्याकडे आला. अलीकडे मुलीला घेऊन मार्कंड्याला गेलो, तर मुख्य देवळाचा काही भाग दुरुस्तीसाठी उतरवलेला होता. आवारात शिळा ओळीनं मांडलेल्या, त्यांच्यावर क्रमांक. आधी काळजात चर्र झालं. मग एका शिळेजवळ बसलो. तिची एक बाजू कोरीव होती. दुसरी बाजू शेकडो वर्षं भिंतीच्या पोटात होती. घडवणाऱ्यानंतर ती कुणाच्या नजरेला पडली नसेल. बाबूजी गिलावा करताना म्हणायचे, "आतली बाजू कोणी पाहत नाही, तिथंच गवंडी समजते."

मी मुलीचं बोट धरून त्या आतल्या बाजूवर ठेवलं. छिन्नीचे घाव एकसारखे, तिरपे, शेवटच्या कडेपर्यंत गेलेले होते.