डाव्या कानाची फिर्याद

आमचे आजोबा सणावारीं उजव्या कानाच्या वरच्या वळींत अत्तराचा फाया ठेवीत, आणि त्यांचे एक स्नेही भिकबाळी घालून आमच्याकडे येत. कान हा ऐकण्याखेरीज इतरहि कामीं पडतो, हें आम्हांस तेव्हांपासून ठाऊक आहे. परंतु वयाच्या बासष्टाव्या वर्षीं दोन्ही कानांत पांढरीं बोंडें कोंबून आम्ही वेताळ टेकडीवर हिंडूं लागूं, असें भाकीत कोणीं केलें असतें, तर तें आम्हीं हंसण्यावारी नेलें असतें.

हीं बोंडें म्हणजे बाजारांत ज्यांस 'इअरबड्स' म्हणतात तीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वाढदिवशीं कन्येनें तीं आणून दिलीं. "बाबा, सकाळीं फिरतांना गाणं ऐका. नुसतं चालायचा कंटाळा येतो म्हणतां ना?" आम्ही तसें कधीं म्हटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. किंमत पाहून मात्र जीव कळवळला, आणि पावतीवरील एका ओळीनें थोडा निवला. वस्तूंत दोष आढळल्यास सात दिवसांत बदलून मिळेल, अशी ती ओळ होती. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत विज्ञान शिकविलें. परीक्षा घेणें हा आमचा पेशाच. तेव्हां या सात दिवसांत बोंडांची कसून परीक्षा घ्यावी आणि कोठें उणें दिसल्यास तीं सरळ परत करावींत, असा बेत करून आम्हीं एका वहींत रकाने आंखले. सौभाग्यवतीनें ते रकाने पाहिले आणि "म्हणजे आतां सात दिवस मीं घरांत बोलायचं कोणाशीं?" एवढेंच विचारलें.

पहिला रकाना बिनतारीपणाचा. फोनपासून कानापर्यंत आवाज आणणाऱ्या या योजनेस ब्लूटूथ म्हणतात. दहाव्या शतकांतील हॅराल्ड या डॅनिश राजाचें तें टोपणनांव. त्यानें डेन्मार्क व नॉर्वे एका छत्राखालीं आणले, तशीं या लहरींनीं निरनिराळीं यंत्रें एकत्र आणावींत, या कल्पनेनें तें १९९७ सालीं सुचविण्यांत आलें. या लहरींची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालच्या सुमारास कलकत्त्यांत याहून कितीतरी आखूड लहरींनीं भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. वर्गांत ही गोष्ट सांगतांना आमचा आवाज दरवर्षीं चढत असे. बोसांच्या लहरी भिंतींतून गेल्या. आमच्या बोंडांच्या लहरी मात्र आमच्याच देहापाशीं अडखळल्या. फोन मागच्या खिशांत ठेवला कीं गाणें मधूनच तुटे. पाणी या लहरी शोषून घेतें, आणि मनुष्यदेहाचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच असतो, हें आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें होतें. फोन पुढच्या खिशांत आणला तेव्हां गाणें सुरळीत झालें. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह सुरू झाला कीं त्याशेजारीं पुन्हा अडखळे. कारण ती भट्टीहि जवळजवळ याच लहरींवर चालते. हा दोष बोंडांचा नव्हे, म्हणून आम्हीं गुण कापले नाहींत.

दुसरा रकाना व्यायामाचा. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा महाराष्ट्रभर प्रसार केला ते सूर्यनमस्कार आम्ही रोज बारा घालतों. बोंडें बनविणाऱ्यांनीं त्यांची चांचणी धांवणाऱ्या माणसावर केली असावी. नमस्कार घालणाऱ्यावर खास केली नसावी. धांवणाऱ्याचें डोकें निदान वर तरी असतें. आमचें डोकें गुडघ्यांशीं उलटें लोंबूं लागतांच सातव्या नमस्कारास डावें बोंड निसटलें आणि जाजमावरून कोनाड्याखालीं गेलें. तें काठीनें काढावें लागलें. सोबत रबरासारख्या मऊ टोप्यांचे तीन आकार होते. उजव्या कानास मधली टोपी बसे. डाव्यास सर्वांत लहान घातली तेव्हां बोंड ठरलें. एकाच माणसाचे दोन कान सारखे नसतात, ही गोष्ट आम्हीं त्या दिवशीं वहींत टिपली आणि तिच्याकडे अधिक लक्ष दिलें नाहीं.

घामाचीहि परीक्षा झाली. डबीवर 'आयपीएक्स-४' असें छापलें होतें. याचा अर्थ सर्व बाजूंनीं उडालेलें पाणी सोसेल, इतकाच. बुडविलेलें चालणार नाहीं. शिवाय ती चांचणी साध्या पाण्याची असते आणि घाम खारा असतो, म्हणून व्यायामानंतर आम्ही बोंडें कोरड्या फडक्यानें पुसूं लागलों. बैठका मारतांना मात्र मोठी मौज झाली. टांच टेकली कीं कवटींत धप्प असा नाद उमटे, जणुं कोणी डोक्यांत जातें घालून बसलें आहे. देहाचा हा नाद हाडांवाटे कानाच्या नळींत नेहमींच येतो आणि उघड्या कानांतून बाहेर निसटतो. बोंडानें दार लावल्यावर तो आंतच घुमतो. भिजवलेले शेंगदाणे चावतांना तर आपण खडी फोडतों आहों, असें वाटे.

तिसऱ्या रकान्यांत बाहेरचा गोंगाट गिळण्याची सोय होती. बोंडावरील बारीक ध्वनिग्राहक बाहेरचा आवाज टिपतो, आंतलें यंत्र त्याच्या नेमका उलट आवाज तयार करतें, आणि एका लहरीचा माथा दुसरीच्या खळग्यांत पडून दोन्ही विरतात. ही युक्ति आजची नव्हे. पॉल लुएग या जर्मनास तिचें अमेरिकन पेटंट १९३६ सालींच मिळालें होतें. १९७८ सालीं विमानप्रवासांत कानावरील गाणें घरघरीमुळें ऐकूं येईना, तेव्हां अमर बोस यांनीं त्या आसनावरच गणित मांडावयास घेतलें; त्यांचे वडील बंगाली क्रांतिकारक, परागंदा होऊन अमेरिकेस गेलेले. आमच्या घरीं या सोयीनें पंखा नाहींसा केला आणि मिक्सर निम्मा केला. कुकरची शिटी मात्र तिला आवरेना, कारण संथ व सखल आवाज तिला सांपडतो, अवचित उंच आवाज निसटतो. रस्त्यावर आम्हीं ती बंदच ठेवली. टेकडीवर उलट सोय चालू केली. तिनें बाहेरचा आवाज मुद्दाम आंत येतो. मोर ओरडला तो स्पष्ट ऐकूं आला, पण कोठून ओरडला तें कळेना. आम्ही उजवीकडे पाहिलें आणि मोर डावीकडच्या गवतांतून उडाला. येथें आम्हीं बोंडांचे दोन गुण कापले.

पांचव्या रात्रीं आम्हीं हिराबाई बडोदेकरांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. जुनें मुद्रण एकमार्गी असतें. दोन्ही कानांस तोच आवाज मिळतो आणि म्हणून गाणारी व्यक्ति आपल्या कपाळाच्या मधोमध बसली आहे, असा भास होतो. आमच्या हिराबाई उजव्या भुंवईच्या वर बसल्या होत्या. आणि तंबोरा? उजव्या बाजूस तो जवारीसह झणकारत होता. डावीकडे नुसतीच तार हालत होती, जवारी नव्हतीच.

दोष सांपडला! आम्हांस, खरें सांगावयाचें तर, आनंदच झाला. परीक्षकास चूक सांपडली म्हणजे होतो तसला तो आनंद. तरी आम्हीं न्याय सोडला नाहीं. जाळींत मळ बसला असेल म्हणून कोरड्या कुंचलीनें ती झाडली. टोपी सैल असेल असाहि संशय घेतला. पण फटींतून प्रथम निसटतात ते खालचे, सखल स्वर, आणि आमचे हरवले होते ते वरचे. सहाव्या दिवशीं बोंडें घेऊन आम्ही दुकानांत गेलों व डावें बोंड मंद आहे अशी फिर्याद केली. काउंटरवरील मुलगा विशीचा असेल. त्यानें बोंडें पुसलीं, स्वतःच्या कानांत घातलीं, मग अदलाबदल करून पुन्हा घातलीं आणि म्हणाला, "काका, दोन्ही सारखींच वाजतायत." आम्हीं वाद घातला. तो आवाज न चढवितां म्हणाला, "तुम्ही पण उलट घालून बघा ना."

घरीं येऊन आम्हीं तसें केलें. डाव्या कानाचें बोंड उजव्या कानांत नीट बसत नाहीं. तें हातानें धरून ठेवावें लागलें. गाणें तेंच लावलें. हिराबाई जागच्या हलल्या नाहींत. उजव्या भुंवईच्या वरच होत्या.

इतका साधा प्रयोग आम्हांस स्वतः सुचला नाहीं, याचें आतां नवल वाटतें. दोन तराजूंपैकीं खोटा कोणता हें ठरविण्यासाठीं वजनें बदलून पाहावींत, हें आम्हीं सातवीच्या मुलांस शिकवीत होतों. पण तेथें तराजू दुसऱ्याचे होते.

कानाच्या डॉक्टरांकडे एका बंद खोलींत बसवितात, कानांवर यंत्र चढवितात आणि हातांत एक कळ देतात. सूर ऐकूं आला कीं ती दाबावयाची. उजव्या कानाच्या खुणा तांबड्या गोळ्यांनीं आणि डाव्याच्या निळ्या फुल्यांनीं करतात. शाळेंत मुलें वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळत, तसा तो कागद दिसत होता. आणि डाव सरळ गोळ्यानें जिंकला होता. सखल स्वरांपाशीं दोघे हातांत हात घालून चालले होते. २००० हर्ट्झनंतर गोळे थोडे वांकले आणि फुल्या जिना उतरावा तशा खालीं गेल्या. उतारवयांत उंच स्वर दोन्ही कानांतून सारखेच जातात. एकाच कानांतून इतके गेले, तर नसेवर गांठ नाहीं ना हें पाहावें लागतें, म्हणून डॉक्टरांनीं एम. आर. आय. करावयास सांगितलें. अहवाल येईपर्यंतचे तीन दिवस आम्हीं वहींत कांहीं लिहिलें नाहीं. सौभाग्यवतीनें त्या तीन दिवसांत आम्हांस एकाहि गोष्टीबद्दल टोकलें नाहीं, आणि त्यानेंच आम्ही अधिक घाबरलों. गांठ निघाली नाहीं.

मग कारण कोणतें? डॉक्टरांनीं विचारलें, "कधीं मोठ्या आवाजाजवळ बरींच वर्षं होतां का?" शाळेच्या ढोल-ताशांच्या पथकाबरोबर आम्ही वीस-बावीस वर्षें गणेशोत्सवांत चाललों. मुलें रस्त्याच्या मधोमध, आम्ही त्यांच्या उजव्या कडेनें. म्हणजे ताशा सदैव आमच्या डाव्या हातास. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें प्रौढ माणसानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकावा. दर ३ डेसिबलनीं ही मुदत निम्मी होत जाते आणि ९० डेसिबलला चारच तास उरतात. ताशाशेजारीं आमचा आठवड्याचा शिधा चौक ओलांडण्यापूर्वींच संपत असेल. "असेल त्यामुळं, नसेलहि," असें डॉक्टर म्हणाले. कानांतील ज्या सूक्ष्म रोमपेशी आवाज झेलतात त्या एकदां गेल्या कीं माणसांत पुन्हा उगवत नाहींत. पक्ष्यांत उगवतात. टेकडीवरील त्या मोराचा आम्हांस क्षणभर हेवा वाटला. ताशाबद्दल मात्र मनांत राग येत नाहीं, हें येथें नमूद करून ठेवतों.

डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. स्वर हे सखल व दणकट असतात. स, श, फ, थ हीं व्यंजनें उंच आणि नाजूक. वरचे सूर गेले म्हणजे कोणी बोलत आहे हें कळतें, काय बोलत आहे हें कळत नाहीं. 'सात'चें 'आठ' होतें. हें ऐकतांना आम्हांस वर्गांतील डाव्या रांगेचा एक मुलगा आठवला. "पुटपुटूं नकोस, मोठ्यानं सांग," म्हणून आम्हीं त्यास एका तासांत तीनदां उभा केला होता, आणि तिसऱ्या वेळीं तो गप्पच राहिला. तो पुटपुटत नव्हता, असें आतां वाटतें.

आणि पत्नी तर वामांगी! पूजेपुरती ती आमच्याकडे उजवीकडे बसते. एरवीं जेवतांना, फिरतांना, झोपतांना तिची जागा वर्षानुवर्षें डावीकडेच. "तुमचं लक्ष कुठं असतं?" हा प्रश्न आम्हीं हजार वेळां ऐकला असेल, आणि तेवढाच बरोबर ऐकूं आला असेल. तो कागद आम्हीं तिच्यापुढें ठेवला. तिनें निळ्या फुल्यांवरून बोट फिरविलें आणि थोड्या वेळानें म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हांला ऐकायचंच नसतं."

बोंडें बदलून घेण्याची मुदत केव्हांच टळून गेली. तीं आमच्याकडेच आहेत आणि सकाळीं अर्धा तास, आवाज निम्म्याखालीं ठेवून, आम्ही तीं वापरतों. फोनमध्यें एका बाजूचा आवाज वाढविण्याची सोय आहे असें कन्येनें दाखविलें. डॉक्टरांनीं तिला हात लावूं नका म्हणून बजावलें आहे, आणि डाव्या कानास श्रवणयंत्र सुचविलें आहे. तें पंधरा दिवस घरीं वापरून पाहावयास मिळतें. त्याचे रकाने सौभाग्यवतीनें आंखले आहेत.

संध्याकाळच्या फेरीस आतां ती उजवीकडून चालते. परवां चालतां चालतां आम्हीं तिला विचारलें, "इतकीं वर्षं डावीकडून तूं जें सांगत होतीस, त्यांतलं आमच्याकडून काय काय राहिलं असेल?"

"आतां काय आठवायचं?" ती म्हणाली. "दूध उतूं जातंय, असंच कांहींतरी सांगत असेन."