नळदुर्गला जा, पण फोटो तीन काढा!

दोस्तांनो, १५ ऑगस्ट १९४७ ला सोलापुरात तिरंगा फडकला. तिथून हैदराबाद रस्त्याने जेमतेम ४५ किलोमीटरवर नळदुर्ग. पण तिथे मात्र राज्य निजामाचंच! कारण आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. इथे स्वातंत्र्य पोचायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. म्हणजे आणखी तेरा महिने! म्हणूनच मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. २०२३ साली त्या मुक्तीला ७५ वर्षं झाली.

तर मग या दिवसाच्या निमित्ताने आई-बाबांबरोबर नळदुर्गचा किल्ला पाहा आणि तीन फोटो काढा.

पहिला पाणीमहालाचा. हा तर सगळेच काढतात. बोरी नदीवर बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटात चक्क महाल! दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. पाऊस चांगला झाला, की नर-मादी धबधबे धो धो कोसळतात, पण महालात उभा राहणारा कोरडाच! तुषारांनी कॅमेऱ्याची काच भिजते, तेव्हा रुमाल जवळ ठेवा. कडेला जाऊन सेल्फी मात्र नको हं!

दुसरा फोटो उंच बुरुजावरून, सोलापूरच्या दिशेचा. सकाळीच काढा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. फोटोत काय दिसेल? शेतं, झाडं, आभाळ. बस्स! पण १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सेना याच बाजूने आली. बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. पूल उडवला गेला असता, तर फौजा अलीकडेच अडकल्या असत्या. त्याच दिवशी नळदुर्गच्या लढाईत पंजाबचे हवालदार बचित्तर सिंग जखमी होऊनही लढत राहिले आणि शहीद झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे सगळं फोटोत दिसत नाही, म्हणून फोटोखाली चार ओळी लिहायच्या.

तिसरा फोटो किल्ल्यात नाही, गावात किंवा तुमच्याच घरात मिळेल. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या आसपासचे आजोबा किंवा आजी आहे. त्यांना विचारा, "तुम्ही तेव्हा कुठं होता? काय पाहिलं?" ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. मग परवानगी घेऊन त्यांचा फोटो काढा. धबधबा पुढच्या पावसाळ्यातही भेटेल. म्हणून हा फोटो आधी काढा, बरं का!