आरशाचा दणका

पाचशे मिलिमीटरची लेन्स म्हटलं की लोकांना तोफ वाटते. प्रत्यक्षात सिक्स बाय सिक्सच्या निगेटिव्हवर ती छोट्या फिल्मवरच्या पावणेतीनशेइतकीच जवळ आणते. वजन मात्र पाचशेचं. आगाशिव डोंगराच्या चढावर माझा पेंटाकॉन सिक्स कॅमेरा खांदा काढतो आणि वर पोचल्यावर खरं दुखणं सुरू होतं: आरसा.

पेंटाकॉन सिक्सला आरसा आधी उचलून ठेवायची सोयच नाही. बटण दाबलं की तो धाडकन वर जातो आणि त्याच थरथरीत पडदा उघडतो. एरवी चालून जातं. पण आगाशिववरून प्रीतिसंगम टिपायचा, कृष्णा-कोयना समोरासमोर भिडून काटकोनात वळतात ती जागा, तर मधे सगळं धुरकट. ते कापायला लाल फिल्टर. तो तीन स्टॉप खातो. 100 ची फिल्म, अ‍ॅपर्चर 11, लख्ख ऊन, तरी शटर 30 वर येतं. आणि 30, 15, 8 हे तर आरशाच्या हक्काचे वेग. 400 ची फिल्म घाला, असं सांगणारे भेटतात. तिचा जाड दाणा त्यांच्याच घरी नेऊन द्यावा.

लेन्सवर वाळूची पिशवी ठेवून पाहिली, पुढच्या टोकाखाली दुसरा स्टँड लावला. तरी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घातली की संगमावरच्या घाटाच्या आडव्या पायऱ्या दुहेरी, उभे खांब मात्र धारदार. म्हणजे गुन्हेगार तोच, वर-खाली हलणारा.

पेंटॅक्स सिक्स सेव्हनवाले छाती काढून सांगतात, आमच्याकडे आरसा लॉक होतो. होतो ना. मग तो भलामोठा पडदा सुटतो त्याचं काय? मायणीला फ्लेमिंगोंवर धडाधड फोटो झाडणाऱ्या पोरांशी तर मी बोलतच नाही. पक्ष्याचा डोळा कॅमेराच शोधतो, फोकसही तोच करतो. ही पोरं तिथं कशाला उभी असतात कोण जाणे.

पुढे माझा हातच कापायला लागला. केबल रिलीजमधूनही कंप पोचायचा. तेव्हा जुन्या प्लेट कॅमेऱ्याची रीत काढली. पहाटे जायचं, अ‍ॅपर्चर 22, शटर बल्बवर. भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून शटर उघडायचं, केबलचा स्क्रू आवळायचा, आरशाला निवांत होऊ द्यायचं आणि मग दोन सेकंद पुठ्ठा बाजूला. पुठ्ठा कॅमेऱ्याला टेकतच नाही, हात किती का कापेना! घाटावरची माणसं विरघळतात, पण पायऱ्या एवढ्या खणखणीत कधी आल्या नव्हत्या.

प्रिंट बघून कोणी म्हणालंच, "काका, या वयात एवढं शार्प?" तर मी पुठ्ठ्याचं नाव काढत नाही. "हात स्थिर लागतो," म्हणतो. हात तोवर खिशात घातलेला असतो.