चुकलेली खुंटी

आमचं गाव सुलतानपूर, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं. लोणारचं सरोवर गोल, पण आमच्या शेतात सगळा कारभार सरळ रेषांचा!

मी सहावीत होतो. कपाशी लावायची होती. पहिल्या तासाची दोरी बाबांनी स्वतः बांधली. दुसऱ्या तासाच्या खुंट्या ठोकायचं काम मला दिलं. केवढा मान! एका टोकाला मी काठीनं अंतर नीट मोजलं. दुसऱ्या टोकाला मात्र खेळायला पळायची घाई. नुसत्या नजरेनंच खुंटी ठोकली.

पुढे डवरणी आली. दोन तासांमधून डवरा चालला, आणि अरुंद टोकाला रोपं मुळासकट उपटून निघाली. बाबांनी बैल थांबवले. रोपं गोळा करून बांधावर ठेवली. म्हणाले, "सुरुवात बरोबर होती रे तुझी. पण दिशा नाही धरली."

दहावीत निर्देशक भूमिती आली. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'समांतर रेषांचे चढ समान असतात.' मला ती रोपंच आठवली! घरी येऊन आलेखाच्या कागदावर शेत मांडलं.

तुम्हीही मांडा. पहिला तास (०, ०) आणि (३, २) मधून जातो. म्हणजे ३ घरं उजवीकडे गेलं की २ घरं वर. चढ झाला २/३. दुसरा तास (०, २) पासून सुरू होतो. तीच चाल धरा: (३, ४), मग (६, ६). झाले की समांतर रेषेवरचे बिंदू! मागे जायचं तर ३ डावीकडे, २ खाली: (−३, ०).

माझी खुंटी पडली होती समजा (६, ५) वर. चढ किती? (५ − २) भागिले ६, म्हणजे १/२. एकाच घराची चूक! पण रेषा वाढवून पाहा, (१२, ८) वर दोन्ही तास एकमेकांना चक्क भेटतात. मग डवरा जाणार कुठून?

बिंदूंना अशा संख्या देऊन भूमिती सोडवण्याची रीत फ्रान्सच्या रने देकार्त यांनी १६३७ साली पुस्तकात मांडली. बाबांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. पण ते दोन्ही टोकांना काठी लावून मोजायचे.

आता सांगा पाहू, तिसरा तास (०, ४) पासून निघाला, तर त्याच्या पुढच्या दोन खुंट्या कुठे ठोकाल? घाई करू नका हं!